क्रूझवरून जुन्या गोव्याची चर्च टूर: जा, पण हे वाचून जा

मुंबई-गोवा क्रूझला जाऊन आलेली बरीच घरं हल्ली साताऱ्यात भेटतात, आमच्याच कॉलनीत आहेत, आणि सगळे सांगतात काय तर बुफे कसा होता, स्विमिंग पूल कसा होता, रात्रीचा शो कसा होता. त्यावर मी काहीच लिहिणार नाहीये. जहाज गोव्याला लागलं की जी शोअर एक्सकर्शन विकतात, ओल्ड गोवा हेरिटेज चर्चेस वगैरे नावाची, अर्ध्या दिवसाची, तिच्याबद्दल लिहितेय, कारण बुक करायच्या आधी मी मराठीत शोधलं तर कुणीच धड लिहिलेलं सापडलं नाही, सगळीकडे नुसते फोटो. आणि ही टूर साताऱ्याच्या माणसानं बघावी अशी खूप कारणं तिथं आहेत, ती टूरवाले सांगत नाहीत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. एक तर ही टूर जहाजवाले स्वतः चालवत नाहीत, गोव्यातल्या ऑपरेटरला देतात, आणि दुसऱ्या फेरीला दुसरी बस दुसरा गाईड असू शकतो.

आम्ही सहाजण होतो. मी, मिस्टर, मुलगा, सासूबाई, आणि वाईची माझी बहीण आणि तिचे मिस्टर. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठीच खरं तर टूर घेतली, नाहीतर आमचे मिस्टर म्हणत होते उतरल्यावर टॅक्सी करू.

आधी हे चालतं कसं ते सांगते. मुंबईला बॅलार्ड पियरवरनं जहाज सुटतं आणि गोव्यात मुरगाव बंदराला लागतं. मुरगाव म्हणजे वास्कोच्या पुढं, पणजीला नाही, पुष्कळांना वाटतं उतरलं की समोर पणजी. मालवाहू बंदर आहे, आत पायी फिरू देत नाहीत, त्यामुळं जहाजाच्या शिडीपासनं बसमध्ये आणि बसमधनं थेट गेटबाहेर. टूर आदल्या रात्री जहाजावरच्या काउंटरला बुक करायची, माणशी अडीच हजाराच्या आसपास पडली, सकाळी हॉलमध्ये जमायचं, शर्टावर बस नंबरचा स्टिकर चिकटवतात, आणि जहाजाचं कार्ड आणि आधारकार्ड दोन्ही जवळ ठेवायचं, परत आत येताना बघतात. स्वतःच्या टॅक्सीनं जाण्यापेक्षा महाग पडतं हे खरंय. पण जहाजाच्या टूरची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर नाही थांबत, आणि जहाज एकदा गेलं की गेलं. म्हातारी माणसं बरोबर असताना या एका गोष्टीसाठी मी जास्तीचे पैसे द्यायला तयार आहे.

बस चांगली होती, एसी चालू, पाण्याची बाटली प्रत्येकाला. माईक मात्र खरखरत होता आणि मागच्या चार रांगांना गाईडचं एक वाक्य धड ऐकू येत नव्हतं, आम्ही मागे. वास्को सोडल्यावर कुठ्ठाळी लागतं आणि मग जुवारीवरचा तो नवीन केबलवाला पूल, सगळ्यांनी मोबाईल काढले. गाईड पुलाविषयी बोलला, किती मोठा, किती उंच. पण कुठ्ठाळी म्हणजे जुनं कुशस्थळी, मंगेशीचं मूळ देऊळ इथलं, पोर्तुगीज देवळं पाडायला लागल्यावर सोळाव्या शतकात भक्तांनी देव नदीपलीकडे प्रियोळला नेला, आज आपण फोंड्याजवळ ज्या मंगेशीला जातो ती ही जागा, हे तो बोलला नाही. बसमध्ये निम्मी माणसं महाराष्ट्रातली होती, त्यातल्या काहींचं कुलदैवत मंगेशी असणार. चर्चची टूर आहे म्हणून देवळाचं नाव काढायचं नाही असं काही नसतं ना, उलट ही चर्चं इथं का आहेत आणि देवळं सगळी फोंड्याकडे का आहेत हा एकच इतिहास आहे, तो तिथंच रस्त्यावर सांगायला पाहिजे होता. मी मग सासूबाईंना आणि पुढच्या सीटवरच्या कोल्हापूरच्या एका काकूंना सांगितलं.

बंदरापासनं जुन्या गोव्याला साधारण तासभर लागतो.

पहिला थांबा बॉम जेझूस बॅसिलिका, आणि इथं मी सावकाश लिहिणार आहे. बाहेरनं बघितल्यावर पहिलं जाणवतं ते हे की चर्च पांढरं नाही. गोव्यातली बाकी सगळी चर्चं चुन्यानं पांढरी शुभ्र, आणि हे लालतपकिरी, उघडा जांभा. आपल्या कास पठारावर आणि पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली असतो तोच दगड. मूळचं असं नव्हतं, वरनं गिलावा होता, १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या वास्तुविशारदानं तो खरवडून काढला, दगड दिसला की इमारत जुनी वाटेल म्हणून. पण जांभा पाऊस पितो, आणि गोव्याचा पाऊस आपल्या महाबळेश्वरच्या माणसाला वेगळा सांगायला नको. दगड झिजतोय हे जवळ गेलं की दिसतं, परत गिलावा करायचा का नाही यावर तिथं वाद चालूच असतो. माझं मत विचाराल तर करावा. फोटोत लाल रंग भारी दिसतो हे मान्य, पण इमारत टिकली पाहिजे.

दर्शनी बाजूचं कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो दगड वसईकडनं आणलेला. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला. बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला पूर्ण होऊन चर्चचं पवित्रीकरण झालं. वरती आयएचएस अशी अक्षरं कोरलीत, ती जेझुइट नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघाची खूण. आत गेल्यावर समोर सोन्याच्या मुलाम्याची अख्खी भिंतभर वेदी, मधोमध त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची मोठी मूर्ती आणि तिच्या खाली छोटासा बाळ येशू. चर्चचं नाव ज्याच्यावरनं, बॉम जेझूस म्हणजे तो बाळ, तो इतका लहान आहे की कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही. आमच्या गाईडनं दाखवला, त्याबद्दल त्याला मार्क.

उजव्या हाताला सेंट फ्रान्सिस झेवियर. गोव्यातले लोक प्रेमानं गोंयचो सायब म्हणतात, आणि नुसते ख्रिश्चन नाहीत, हिंदूसुद्धा तितक्याच श्रद्धेनं हात जोडताना दिसतात. १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर ते वारले, शरीर आधी मलाक्काला नेलं, मग १५५४ ला गोव्यात आलं, आणि इतके दिवस होऊनही ते कुजलं नाही म्हणून लोकांची श्रद्धा बसली. १६२२ ला रोमनं संतपद दिलं. उजवा हात १६१४ मध्येच काढून रोमला पाठवलेला, तिथल्या जेझुइट चर्चमध्ये आहे. पेटी चांदीची, १६३० च्या दशकात गोव्यातल्याच सोनार-कारागिरांनी घडवलेली, आणि तिच्याखालचं जे रंगीत संगमरवराचं उंच काम आहे ते इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोझिमोनं पाठवलं, फॉग्गिनी नावाच्या शिल्पकारानं दहा वर्षं खपून केलं, ते १६९८ ला इथं जोडून उभं केलं. चार बाजूंना ब्राँझचे पत्रे आहेत, संताच्या आयुष्यातले प्रसंग. आता अडचण ही की पेटी खूप वर आहे. खालनं तुम्हाला चांदी दिसते आणि बाजूच्या काचांमधनं आत काहीतरी आहे एवढं कळतं, बास. दर दहा वर्षांनी पेटी खाली उतरवून से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात, मागचं दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं, आता थेट २०३४ च्या आसपास. टूरच्या कागदावर "संताच्या पवित्र शरीराचं दर्शन" असं छापलं होतं, ते वाचून आमच्या बसमधल्या बऱ्याच जणांची अपेक्षा वेगळीच झालेली. तसं छापू नये. जे आहे तेच इतकं मोठं आहे की वाढवून सांगायची गरजच नाही.

आता साताऱ्याच्या माणसाला सगळ्यात महत्त्वाचं. गाईडनं पेटीसमोर एक वाक्य टाकलं, की एकदा मराठे चालून आले होते तेव्हा या संतानं गोवा वाचवला, आणि पुढं निघाला. आमच्या मिस्टरांनी त्याला थांबवलं, अगदी शांतपणे, दादा जरा सविस्तर सांगा आम्ही साताऱ्याचे आहोत. आणि मग त्या माणसानं खरंच छान सांगितलं, हिंदी सोडून मराठी-कोंकणी मिसळून बोलायला लागला, म्हणजे त्याला माहिती सगळी होती, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नव्हता. १६८३ ची गोष्ट. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय, म्हणजे गोव्यातला सर्वोच्च अधिकारी, कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि मार खाऊन परत आला, मागोमाग नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेनं जुन्या गोव्याजवळचं जुवे बेट घेतलं, व्हाइसरॉय परत घ्यायला गेला तर जखमी होऊन जेमतेम जिवानिशी सुटला. शहर आता जाणार हे त्याला दिसत होतं. तेव्हा तो या चर्चमध्ये आला, पेटी उघडायला लावली आणि आपला अधिकाराचा दंड आणि कागद संताच्या देहापाशी ठेवला, की आता राज्य तुम्हीच सांभाळा. पुढं थोड्याच दिवसांत औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि महाराजांना मागं फिरावं लागलं. गोव्यातले लोक म्हणतात संतानं वाचवलं, आपण म्हणतो मोगल आले म्हणून वाचलं, पण त्या पेटीसमोर उभं राहून हे ऐकताना अंगावर काटा आला माझ्या. ती चांदीची पेटी तेव्हा होती, खालचा संगमरवर अजून यायचा होता. शाहू महाराजांच्या राजधानीतनं आलेली माणसं आम्ही, त्यांच्या वडिलांच्या फौजेमुळं घाबरून एक व्हाइसरॉय जिथं येऊन गुडघे टेकला तिथं उभे होतो. हे टूरमध्ये ठरवून सांगायला पाहिजे, अर्धी बस महाराष्ट्राची असते हो.

सासूबाईंचं सांगायचं तर त्या दारातच चप्पल काढायला लागल्या, गाईड म्हणाला आई असू दे, इथं काढत नाहीत, तरी त्यांनी काढलीच आणि अनवाणी आत गेल्या, कुणी काही म्हटलं नाही. बाहेर मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, बाळ असे नवसाचे आकार विकायला असतात, ज्याला जिथं दुखतं त्यानं तो अवयव वाहायचा. त्यांनी पाय घेतला. आत बाकांवर लोक गुडघे टेकून प्रार्थना करत होते, आणि आमच्याच बसमधले काहीजण त्यांच्यासमोर उभं राहून व्हिडिओ कॉलवर घर दाखवावं तसं चर्च दाखवत होते, मोठ्या आवाजात. ते चालू चर्च आहे, तिथं रोज मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, होते. उतरायच्या आधी बसमध्येच गाईडनं हे बजावून सांगायला पाहिजे, आपण देवळात गाभाऱ्यासमोर कुणाला असं करू देऊ का.

कपड्यांचं पण तसंच. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, दारावर बघतात. जहाजावर कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं शॉर्ट्समधली पोरंपोरी बाहेरच थांबली, त्यांचे पैसे वाया गेले. आम्ही सलवार-साडीत होतो म्हणून प्रश्न आला नाही.

रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल. हे प्रचंड आहे, लांबी साधारण ७६ मीटर. १५६२ ला सुरू केलं ते १६१९ पर्यंत बांधकामच चाललं, आणि अर्पण केलंय संत कॅथरिनला, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं आदिलशहाकडनं गोवा घेतलं तो दिवस, २५ नोव्हेंबर १५१०, तिच्या सणाचा होता. बाहेरनं बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, मुलगा म्हणाला सुद्धा, एका बाजूचं कापल्यासारखं दिसतंय. बरोबर आहे, दोन बुरूज होते, उत्तरेकडचा १७७६ ला पडला, परत बांधलाच नाही. जो उरलाय त्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे, आवाज इतका गोड की सोन्याची घंटा म्हणतात. आत मुख्य वेदीवर संत कॅथरिनच्या आयुष्याचे सोनेरी चौकोन कोरलेत, आणि एका बाजूच्या चॅपेलमध्ये एक लाकडी क्रूस आहे जो वाढत जातो अशी श्रद्धा आहे, तिथं गर्दी होती.

माझ्या बहिणीला घंटा बघायची होती. वर सोडत नाहीत, खालनंच बघायची, पण ती वाईची आहे म्हणून तिला त्या घंटेचं विशेष. तुम्ही मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याच्या घाटावर गेला असाल तर तिथल्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा बघितली असेल, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ती पोर्तुगीज चर्चची घंटा. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा आपल्या सरदारांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या, त्यातली ती एक. शाहू महाराज तेव्हा साताऱ्याला गादीवर. वाईचं पोरगंपोरगं ती घंटा वाजवून मोठं झालंय आणि तिचं मूळ घर कसं असेल हे बघायला मिळतं ते इथं, से कॅथेड्रलच्या बुरुजाखाली. वसईचं चर्च पडून अवशेष झालंय, ही घंटा मात्र अजून जागेवर आहे. बहीण बराच वेळ वर बघत उभी होती आणि गाईड बस-बस करत होता. तिनं त्याला मोबाईलमधला मेणवलीच्या घंटेचा फोटो दाखवला. त्यानं कधी बघितलीच नव्हती, फोटो पाठवायला सांगितला आणि पुढच्या टूरला सांगीन म्हणाला. सांगितलं तर फार बरं होईल.

इन्क्विझिशनचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचं, मात्र त्यानं टाळलं. या कॅथेड्रलच्या परिसरातच ते कोर्ट होतं, १५६० ला सुरू झालं, मध्ये काही वर्षं बंद होतं आणि १८१२ ला कायमचं संपलं. धर्म सोडला, जुन्या रीतीनं सण केला, असल्या संशयावरनं माणसं धरून न्यायची, आणि त्यात नवख्रिस्ती झालेले इथलेच लोक जास्त भरडले गेले. मुलानं विचारलं तर गाईड म्हणाला टाइम कम है. मला कुणाच्या श्रद्धेला बोट लावायचं नाहीये, पण ऐतिहासिक टूर म्हणून पैसे घेता तर दोन मिनिटं याला द्यायला हवीत. मेणबत्ती लावणाऱ्या माणसाचा त्यात काय अपमान आहे, उलट तिथले आजचे ख्रिश्चन त्याच लोकांचे वंशज आहेत.

शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च आणि पुरातत्त्व खात्याचं म्युझियम टूरमध्ये "बाहेरून" होतं. आम्ही पळत आत डोकावलो, जमिनीवर सगळ्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत, म्युझियम राहिलं. सेंट कॅजेटन चर्च, रोमच्या सेंट पीटर्सवरनं बेतलेलं घुमटवालं, बसमधनं दाखवलं.

आणि एवढी घाई का, तर पुढं काजूचं दुकान होतं. पाऊण तास. एवढा वेळ से कॅथेड्रलला सुद्धा दिला नव्हता! दुकानात एसी, सरबत, काजू चाखायला, फेणीच्या बाटल्या, फ्रिज मॅग्नेट, आणि बाहेर पडायला एकच दार ते पण काउंटरवरनं. भाव बाजारापेक्षा जास्त होते हे मी मापुसा मार्केटला काजू घेतलेत म्हणून सांगते. गाईडचं आणि दुकानाचं काहीतरी ठरलेलं असतं हे सगळ्यांना कळतं, त्यांचं पोट आहे, दहा मिनिटं थांबवा, कुणी नाही म्हणणार नाही. पण त्या पाऊण तासात जे दाखवता आलं असतं ते या टूरमधलं सगळ्यात मोठं ठिकाण होतं. आणि फेणी घेणार असाल तर ऐका, जहाजावर चढताना बाटली काढून घेतात आणि मुंबईत उतरताना देतात.

ते ठिकाण म्हणजे सेंट ऑगस्टिनचा टॉवर. बॉम जेझूसपासनं चढाच्या रस्त्यानं दहाएक मिनिटं चालत. टूरमध्ये त्याचं नावच नाही. से कॅथेड्रल झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं फ्री टाइम म्हणून दिली होती, त्यात मी, मिस्टर आणि मुलगा भरभर गेलो, सासूबाईंना बहिणीपाशी सावलीत बसवून. जांभ्याचा उभा एकटा बुरूज आभाळात गेलाय, साधारण ४६ मीटर, आणि त्याच्या बाजूला अर्धवट भिंती, छत नाही, वरनं ऊन थेट वेदीच्या जागेवर. १६०२ ला बांधलेलं हे अख्ख्या गोव्यातलं सगळ्यात भव्य चर्च होतं म्हणतात. रोगराईनं शहर रिकामं होत गेलं, राजधानी पणजीला गेली, १८३५ ला सरकारनं धर्मसंघांचे मठ बंद केले आणि हे ओस पडलं, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भाग आणि निम्मा बुरूज. जमिनीवर थडग्यांच्या शिळा, त्यावर घराण्यांची चिन्हं, काही ठिकाणी भिंतीत निळ्या रंगीत टाइल्स अजून चिकटलेल्या.

इथलीच ती राणी केतेवानची गोष्ट. जॉर्जिया देशाची राणी, १६२४ ला इराणच्या शाह अब्बासनं तिला धर्म बदल म्हणून हाल हाल करून मारलं, ती बदलली नाही. ऑगस्टिनियन पाद्रींनी तिचे अवशेष लपवून गोव्याला आणले आणि या चर्चमध्ये ठेवले. चर्च पडलं तशी जागाच हरवली. मग आपल्या पुरातत्त्व खात्यानं जुन्या पोर्तुगीज कागदांवरनं जागा शोधून खोदकाम केलं, हाडं मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत डीएनए तपासला आणि राणीचीच असावीत असा निष्कर्ष निघाला, २०२१ ला परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातला भाग जॉर्जियाला नेऊन दिला. हे तिथं उभं राहून मी मुलाला वाचून दाखवलं, त्याचं नेहमी मोबाईलमध्ये डोकं असतं पण तो स्वतः त्या शिळांमधनं फिरत राहिला आणि परत जाताना शेवटपर्यंत मागं वळून बघत होता. बसच्या बाकीच्यांनी हे बघितलंच नाही, ते आईसक्रीम खात होते, त्यांना कुणी सांगितलंच नाही तर ते काय करतील. युनेस्कोनं १९८६ ला जुन्या गोव्याची चर्चं जागतिक वारशात घेतली ती सगळ्या समूहाला, एका बॅसिलिकेला नाही.

शेवटचा थांबा पणजीचं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च, ते पांढरं, नागमोडी जिन्याचं. वीस मिनिटं, सगळ्यांनी खालनं फोटो काढले. वरची मोठी घंटा बघा एवढंच सांगते. ती सेंट ऑगस्टिनची. ते चर्च पडल्यावर घंटा काही वर्षं आग्वादला होती आणि १८७१ पासनं इथं आहे. टॉवर बघून आलेल्यांना ती घंटा वेगळी दिसते, न बघितलेल्यांना नुसती घंटा. म्हणजे ही टूर बांधणाऱ्यानं पडलेल्या चर्चची घंटा ठेवली आणि चर्चच गाळलं.

ज्येष्ठांसाठी म्हणाल तर चांगली सोय होती, हे मनापासून लिहिते. जहाजाच्या शिडीवर दोन मुलांनी सासूबाईंना हात धरून उतरवलं आणि चढवलं, मागितली असती तर व्हीलचेअर पण होती. बस बॅसिलिकेच्या बऱ्यापैकी जवळ थांबते. आत बसायला बाकं आहेत. टॉयलेट स्वच्छ होतं, हे बाहेरगावी फिरणाऱ्या बायकांना विचारा किती मोठं असतं. पणजीचा जिना मात्र त्यांना जमला नाही, आणि ऑगस्टिनला गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळं टूरवाल्यांनी नेलं असतं तर त्यांनाही बघता आलं असतं. खाण्याचं पॅकेट होतं, सँडविच आणि केळं, शाकाहारी वेगळं मिळालं, ठीक.

गाईडवर माझा राग नाही. विचारल्यावर त्यानं जे दिलं ते पुस्तकात पण सहज सापडत नाही, सासूबाईंशी तर तो घरच्यासारखा बोलला, फादर थॉमस स्टीफन्सबद्दल मी विचारलं तर एकदम खुलला. इंग्लंडमधनं १५७९ ला गोव्यात आलेला जेझुइट, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला राचोलला छापलं, ते पण रोमन अक्षरांत. भारतातला पहिला छापखानाच मुळात जुन्या गोव्यात आला, १५५६ ला. एवढं मराठीशी नातं असलेली जागा आणि मराठी माणसांनी भरलेल्या बसला माहिती हिंदी-इंग्रजीत, ती पण खरखरत्या माईकवर. जहाज मुंबईहून सुटतं, तर मराठी बोलणारा गाईड असलेली एक बस ठेवणं अवघड नाही, गोव्यात मराठी बोलणारी माणसं ढिगानं आहेत. हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय आणि दुकानाच्या पाऊण तासाचं पण, तुम्ही गेलात तर तुम्ही पण लिहा, दहा जणांनी लिहिलं तर बदलतील.

पाचपैकी साडेतीन देते. आईवडिलांना घेऊन जात असाल, किंवा पहिल्यांदाच जात असाल तर जहाजाचीच टूर घ्या. सगळे धडधाकट असाल आणि आधी गोव्याला गेला असाल तर गेटबाहेरनं टॅक्सी करा, पण परतायच्या वेळेच्या दोन तास आधी जुनं गोवं सोडा, कुठ्ठाळीकडं कधीकधी गाड्या तुंबतात. जहाज रविवारी लागणार असेल तर आधी चौकशी करा, सकाळी मिस्सा असतात तेव्हा फिरायला आत सोडत नाहीत. ३ डिसेंबरच्या फेस्ताच्या, म्हणजे संताच्या उत्सवाच्या, आसपास गर्दी खूप, आम्ही नंतरच्या आठवड्यात गेलो तरी मांडव उतरवायचं काम चालूच होतं, पण तेव्हा गेलात तर स्टॉलवरचं गुळाचं, आल्याचं खाजं घ्या, पेढ्यासारखं चार दिवस आरामात टिकतं. आणि फ्री टाइम दिला की आईसक्रीमकडं न वळता बॅसिलिकेच्या बाजूनं चढाचा रस्ता धरा, टॉवर लांबनंच दिसतो, कुणाला विचारायला लागत नाही.